सुखदेव तांडेलची सही

सुखदेव तांडेल अजून जन्मला नव्हता, पण सही करायला तो एका पायावर तयार होता.

"कुठं करू मॅडम? इथं की खाली?"

"आधी टिपण तर वाचा," नीलाक्षी गभणे म्हणाली.

"वाचलं ना जी. सोनझरीचा तलाव बुजवायचा अन् तिथं वसाहत बांधायची. माझं घर तिथंच तर आहे, अकराव्या मजल्यावर. उन्हाळ्यात पारा बावन्नला जाते, पण वारा फसकिलास." पडद्यावरचा तो चाळिशीचा माणूस खुर्ची पुढे ओढून बसला. "तुम्ही जेवल्या का?"

त्यानं सही केली. नीलाक्षीला आनंद व्हायला हवा होता. दीड वर्षाच्या प्रशिक्षणाची शेवटची पायरी ती हीच.

शासनाच्या पर्यावरण धोरण संस्थेत दरवर्षी पदव्युत्तर परीक्षा झालेली चौदा मुलं घेत आणि त्यांतून चौघांना विश्लेषक म्हणून नेमत. परीक्षा सोपी वाटे. खराखुरा एक प्रश्न घ्यायचा, त्यावर शासनाला शिफारस करणारं टिपण लिहायचं आणि त्याला उत्तरसाक्षीची संमती मिळवायची. उत्तरसाक्षी म्हणजे ऐंशी वर्षांनंतरचा साधा नागरिक. जनगणना, पाऊसमान, उष्णतेचे अंदाज, कोणत्या गावाची सोयरीक कोणत्या गावाशी होते याच्या नोंदी, असं सगळं संस्थेच्या गणकयंत्राला दिलं, की शिफारस अमलात आल्यावर तिथं कोण माणसं राहत असतील, ती यंत्र पडद्यावर उभी करी. त्यांतला एक जण चिठ्ठी टाकून निवडायचा आणि त्याला विचारायचं, आमचा निर्णय तुम्हाला मान्य आहे का? ज्यांना भोगायचं त्यांनाच विचारावं, यात वावगं काय? गेल्या अकरा वर्षांत एकाही साक्षीनं नकार दिला नव्हता. संस्थेला याचा फार अभिमान होता.

नीलाक्षीची अडचण तिच्या स्वभावात होती. दुकानात ओढणी घेतली तरी घरी येईपर्यंत तिला दुसरीच बरी वाटू लागे. सोनझरीचंही तसंच झालं. किनारा बुडाल्यानं आठशे कोळी कुटुंबं भंडाऱ्याकडे यायची होती. त्यांच्यासाठी तलाव बुजवावा, की तलाव राखून त्यांना नऊ किलोमीटरवरच्या माळावर वसवावं? तिनं दोन्ही बाजूंनी टिपणं लिहिली. यंत्र वीज फार खाई, म्हणून प्रत्येकानं आपल्या शिफारशीपुरतंच ते चालवायचं, अशी तिथली रीत होती. नीलाक्षीनं यंत्र वापरण्याच्या अर्जातल्या 'बुजवावा' आणि 'राखावा' या दोन्ही चौकटींवर खूण केली, आणि कारकुनानं न बघता शिक्का मारला.

म्हणून दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे यमुना मेश्राम आली. तलाव राखला तर ऐंशी वर्षांनी त्याच्या काठी राहणारी, जाळं विणता विणता बोलणारी सत्तरीची बाई.

"सांग बाई, कुठं करायची ते सही," ती म्हणाली. "तलावात मासोळी आहे, कमळाचं कांद आहे. अजून काय पायजे?"

नीलाक्षीनं सहज तिला तलाव बुजवायचं दुसरं टिपण दाखवलं. यमुनाबाईनं ते वाचलं आणि जाळं खाली ठेवलं.

"याच्यात मी कुठं आहो?"

नीलाक्षी धावतच डॉ. हेमलता वासलवारांच्या खोलीत गेली. यंत्र त्यांनीच उभारलं होतं. त्या चिवडा खात होत्या.

"मॅडम, यंत्र बिघडलंय. दोन्ही टिपणांना संमती मिळतेय."

"यंत्र चोख आहे. बस, चिवडा घे." त्यांनी डबा पुढे केला. "माणूस म्हणजे काय गं? एक ठरावीक आई, एक ठरावीक बाप आणि एक ठरावीक क्षण. यातलं काहीही इकडचं तिकडं झालं, की मूल होतं, पण दुसरंच होतं. सुखदेवची आजी तलावाकाठची आणि आजोबा किनाऱ्यावरून आलेला. वसाहतीच्या जिन्यात त्यांची गाठ पडली. तलाव राहिला, तर जिनाच नाही."

"मग सुखदेवचं काय होतं?"

"काहीच होत नाही. तीच तर गोम आहे. निर्णय बदलला की पुढची सगळी माणसंच बदलतात. आणि आपण विचारतो कोणाला? त्या निर्णयामुळे जो जन्मला त्यालाच. तो नाही कशाला म्हणेल?"

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"तिसऱ्या वर्षी."

"आणि बोलला नाहीत?"

"अगं, सगळे इतके खूश होते," वासलवार बाई ओशाळून म्हणाल्या.

नीलाक्षीनं हातातला चिवडा डब्यात परत टाकला. गप्प राहिलं तर दोन्हींपैकी कोणतंही टिपण पुढे करून नोकरी मिळणार होती. बोललं तर परीक्षाच खोटी ठरणार होती, आणि परीक्षाच खोटी म्हटल्यावर तिला नेमणार कोण?

निवड समितीपुढे ती दोन्ही टिपणं घेऊन बसली आणि अडखळत का होईना, सगळं सांगून मोकळी झाली. अध्यक्ष खानझोडे निवृत्त सचिव होते. त्यांनी तिचा अर्ज शांतपणे उलगडला.

"जन्मस्थान, पुनर्वसन वसाहत क्रमांक तीन. धरणग्रस्त का?"

"हो सर. आईचं गाव गेलं आणि बाबांचंही. वसाहतीत नळ एकच होता. तिथं दोघांचं आधी भांडण झालं, मग लग्न."

समिती हसली.

"ते धरण योग्य होतं?"

"नाही सर. पहिल्या सहामाहीत मी त्यावरच निबंध लिहिला. एकवीस गावं विनाकारण बुडाली."

"आणि त्या धरणाची उत्तरसाक्षी म्हणून यंत्रानं तुला बोलावलं असतं तर?"



"सही केली असती सर. वर तुम्ही जेवलात का, असंही विचारलं असतं."

या वेळी कोणी हसलं नाही. आपापले आईवडील कुठं भेटले, हे समितीतले पाचही जण आठवत असावेत.

"मग आता शिफारस काय?" खानझोड्यांनी विचारलं.

"तलाव राखावा. माळावर पाणी नेता येतं, पण तलाव पुन्हा खोदता येत नाही. फक्त साक्षीची सही नको. सही माझी घ्या. चुकलं तर बोलणी खायला मी असेन."

"नोकरीवर ये पहिल्या तारखेला," खानझोडे म्हणाले, आणि टिपण चाळता चाळता शेवटच्या पानावर थांबले. तिथं 'बाधित व्यक्ती' असा तक्ता असे. विस्थापितांची नावं त्यात लिहीत. नीलाक्षीनं एकच ओळ भरली होती: सुखदेव तांडेल, वय चाळीस, जन्म होणार नाही.

खानझोड्यांनी चष्मा काढून पुसला.

"याला मुलंबाळं?"

"तीन, सर."

"मग त्यांचीही नावं घाल. नियम म्हणजे नियम."

"आणि त्यांच्या मुलांची?"

"हो, तीही," खानझोडे म्हणाले, आणि बोटांवर पुढच्या पिढ्या मोजू लागले.

कोपऱ्यातल्या कारकुनानं तत्परतेनं एक पुरवणी जोडली. मग दुसरी, मग तिसरी. हातातला गठ्ठा वर करून त्यानं नम्रपणे विचारलं, "साहेब, एकूण किती जोडू?"