अकरावा तांब्या

शेवगावच्या माणसाला पाण्याची दोनच रूपं ठाऊक असतात: विहिरीत असलेलं आणि विहिरीत नसलेलं. त्यामुळे १९४६च्या नाताळात आम्ही अकरा जण आगबोटीने रत्नागिरीच्या सहलीला निघालो, तेव्हा निम्मं गाव सर्व्हिस मोटारीपर्यंत पोचवायला आलं. उरलेल्या निम्म्या गावाने, हे काही परत येत नाहीत असं धरून, घरी बसूनच निरोप दिला.

सहल काढली रविकांत मास्तरांनी. त्यांच्याकडे बोटीचं रंगीत चित्र होतं. पांढरीशुभ्र बोट, वर वेताच्या खुर्च्या आणि खुर्चीत चहा पिणारी मडम. त्या मडमेच्या भरवशावर मास्तर, त्यांच्या पत्नी नीलांबरीवहिनी, शाळेतले पाच शिक्षक, बागाईतदार बन्सी आणि त्याची मालनबाई अशी मंडळी तयार झाली. राहिलो मी आणि माझी बायको इंदू. मी मामलेदार कचेरीतून नुकताच निवृत्त झालो होतो, आणि नगरच्या एका साप्ताहिकात विनोदी लेख लिहीत असे. इंदूला लग्नापासून समुद्र पाहायचा होता. लग्नाला तीस वर्षं झाली होती.

परमुलखाचं पाणी बाधतं, म्हणून प्रत्येकाने घरच्या विहिरीचं पाणी भरून आपापला फिरकीचा तांब्या घेतला होता. झाकण फिरवून बसवलं की थेंब सांडत नाही. प्रत्येकावर नाव कोरलेलं. दौंड स्टेशनात पाचही शिक्षक चहासाठी पाच दिशांना पांगले, तेव्हा मी एक युक्ती काढली. माणसं मोजायची नाहीत, तांबे मोजायचे. माणूस हिंडतो, तांब्या जागेवर बसतो. शिवाय आपल्याकडचा माणूस तांब्या सोडून जातो कुठे? युक्ती सर्वांना पसंत पडली. पुढे प्रत्येक ठिकाणी मी तांबे मोजले आणि प्रत्येक ठिकाणी ते अकरा भरले.

धक्क्यावर पाहतो तर चित्रातली बोट ती नव्हतीच. डेकवर कोंबड्यांची खुराडी, सुक्या मासळीच्या गोणी, आणि मधल्या फटींत आम्ही. वेताची खुर्ची एकच होती. तिला तीन पाय होते आणि तिच्यावर मांजर बसलं होतं. तासाभरात पाच शिक्षक कठड्याला ओळीने लागले, प्रार्थनेला उभे राहावेत तसे.

"आण्णा," बन्सी डोळे मिटून मला म्हणाला, "ह्यापरीस आमची बैलगाडी लई बरी. थांबली म्हंजी थांबती तरी."

इंदूला एकटीला काही झालं नाही. ती सकाळपासून कठड्याशी उभी होती. "अहो," ती म्हणाली, "याला पलीकडचा काठच नाही." मी हं म्हटलं. मी लेख लिहीत होतो.

दुपारी तो वाचून दाखवला. प्रत्येकाला त्याच्या तांब्यासकट रंगवलं होतं. मास्तरांचा पोचे पडलेला, बन्सीचा पखालीएवढा. आडवे पडलेलेही हसले. इंदूही हसली. मग हळूच म्हणाली, "यात मी कुठेय?"

मी कागद वरखाली पाहिले. नव्हती.

"अगं, तुझा तांब्या आहे की. तो बघ, ओळीत अकरावा."

त्या दिवसातला सगळ्यांत मोठा हशा या वाक्याला मिळाला. इंदू पुन्हा कठड्याशी जाऊन उभी राहिली.

संध्याकाळी रत्नागिरी आलं. बोट समुद्रातच उभी राहते आणि माणसं मचव्यात उतरून किनाऱ्याला लागतात. लाटा होत्या, गलबला होता, एकमेकांचे हात धरून सगळे उतरले. वाळूवर मी तांबे मोजले. अकरा. "चला," म्हटलं.

धर्मशाळेत पोचल्यावर नीलांबरीवहिनींनी विचारलं, "इंदूवहिनी कुठे राहिल्या?"

तिचा तांब्या मालनबाईच्या हातात होता. "मचव्यात उतरताना त्यांनीच दिला," मालनबाई म्हणाली. "म्हन्ल्या, धरा जरा. मी आलेच."

बोट तेव्हा पुढच्या बंदराकडे निघून गेली होती. तारा केल्या. बोटीवर कोणी उरलं नाही, असं उत्तर आलं. मचवेवाला शपथेवर म्हणाला की पाण्यात कोणी पडलं नाही. मी वीस दिवस त्या वाळूत बसून काढले. बाकीचे आधीच परतले होते. मी दोन तांबे घेऊन घरी आलो.

लेख मी छापायला दिला नाही. पुढे लिहिलंही काही नाही.

वर्षभर इंदूचा तांब्या फळीवर पालथा होता. आमच्याकडे लंकाबाई भांडी घासायला येते. एका सकाळी चिंच लावायला तिने तो उतरवला, झाकण उघडून लावलं आणि तशीच उभी राहिली.

"आण्णा, ह्यात पानी हाय."

"पालथ्या तांब्यात?"

"झाकन फिरवून बगा की. आन तांबं आतून हिरवं पडलंय. खारं पानी लागल्यागत."

मी पाणी ओतून दिलं, तांब्या पुसून उन्हात ठेवला. पंधरा दिवसांनी तो गळ्यापर्यंत भरलेला. तेहतीस वर्षं कचेरीत काढलेला माणूस भुताआधी पुरावा बघतो. मी तांब्या कोरडा केला, झाकण बसवलं, लाख वितळवून सील केलं, कागद चिकटवून सही केली. आठ दिवसांनी सील शाबूत होतं, सही माझीच होती. फोडलं तर आत पाणी. बोट बुडवून जिभेला लावलं. खारट.

तांब्या सपाट फरशीवर ठेवून मी बघत बसलो. तो स्थिर होता. आतलं पाणी मात्र हळूहळू एका कडेला चढलं, थोडं थांबलं, आणि दुसऱ्या कडेला उतरलं. मग परत.

लंकाबाईने ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ती त्या तांब्याला हात लावीना. "बाईंची वस्तू हाय," एवढंच म्हणाली. "त्यास्नी कुटंतरी पोचवा, आण्णा."

मी प्रवरासंगमाच्या मार्तंडशास्त्र्यांना गाठलं. ते म्हणाले, "हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहायची असते, नारायणराव. दोनही झाली नाहीत."

"मी थांबेन हो," मी म्हटलं. "तीच थांबलीय, आणि तिला बसायला जागा नाही."

शास्त्रीबुवांनी पंचांग ओढलं. मग त्यांनी दिवस सांगितला.

१९४८च्या दिवाळीनंतर बन्सीने ओळखीची मालमोटार काढली. बोटीवरचे सगळे आले. बायकांनी अशा विधीला येऊ नये म्हणतात, पण नीलांबरीवहिनी म्हणाल्या, "नेलं तेव्हा बरोबर होतो ना?" प्रत्येकाने आपापला तांब्या आणला होता. कोणी कोणाला तसं सांगितलं नव्हतं.

देह नसला की पळसाच्या पानांचा करतात. तीनशे साठ पानं लागतात. ती मोजण्याचं काम शास्त्रीबुवांनी मला दिलं नाही.

इंदूला अग्नी दिला. शेवटी तिचा तांब्या घेऊन मी संगमात गुडघाभर पाण्यात उतरलो, झाकण काढलं आणि तो कलता केला. पाणी पडत राहिलं. तांब्यात मावतं त्याहून कितीतरी जास्त वेळ पडत राहिलं.

मग धार थांबली. मी तांब्या सोडला. तो बुडाला.

शास्त्रीबुवा आपल्या घरी गेले; आम्हाला परतायला संध्याकाळ झाली. मंडळी मागे फळ्यांवर बसली. सूर्य त्यांच्या पाठीमागे होता, त्यामुळे नुसते आकार दिसत होते.

"समदी बसली का?" ड्रायव्हर पुंजारामने विचारलं. "मोजून घ्या एकदा."

कोणी माझ्याकडे पाहिलं नाही.

या वेळी मी माणसं मोजली. एकेक डोकं, बोट न दाखवता. शेवटी स्वतःला धरलं.

अकरा.

पुन्हा मोजली. अकरा.

मग तांबे मोजले. दहा.

चेहरे पाहिले असते तर उलगडा झाला असता. मी पाहिले नाहीत. पाहिले असते तर ती दहाच भरली असती, आणि यापुढे मला दहा नको होते.

"किती?" रविकांत मास्तरांनी विचारलं.

"सगळे आहेत," मी म्हटलं. "चला."

मी पुढे पुंजारामशेजारी जाऊन बसलो. शेवगाव येईपर्यंत मागे वळून पाहिलं नाही. रस्ता कोरडा होता, पाटासारखा सपाट. गाडी मात्र वाटभर हळूहळू एका अंगाला कलत होती, थोडी थांबत होती, आणि दुसऱ्या अंगाला उतरत होती.