धर, सोडू नकोस

हीटरला पाठ लावून भास्करकाका अन्वीला आणि तिच्या भावाला सांगत होते. गोष्ट ऊर्मिलाची, म्हणजे न्युरेम्बर्गच्या हृषिकेशच्या बायकोची. खोटं वाटलं तर तिलाच फोन लावा, हे आधीच बजावून झालेलं.

मागच्या वर्षीचा अकरा डिसेंबर, गुरुवार. संध्याकाळचे पावणेसात, पण अंधार चारलाच पडलेला. ऊर्मिला हृदयाच्या एमआरआयला आली होती. तिच्या हृदयाला जन्मतःच भोक, अकरा महिन्यांची असताना पुण्यात शिवलेलं. आता एक झडप गळत होती. उजवा कप्पा किती ताणलाय ते आज मोजायचं, आणि त्यावरून ठरायचं, छाती पुन्हा उघडायची की नाही.

"मी आत आहे तोवर बेकरीतून ब्रोट घेऊन ये," तिनं हृषिकेशला फर्मावलं. "आठला दुकान बंद होतं. इथे बसून नखं खाऊ नकोस."

मशीनवाल्या केलरबाईंनी तिच्या छातीवर जड पट्टा आवळला, कानांवर हेडफोन चढवले, मुठीत रबरी फुगा दिला. काही झालं तर दाबायचा. "आल्झो, तर बारा चित्रं. दर चित्राला श्वास रोखायचा. सूचना फक्त जर्मनमध्ये आहेत."

"चालेल. श्वास काही वेगळा नाही."

नळी अरुंद. नाकापासून चार बोटांवर छत.

पहिली सूचना आली ती मराठीत.

"श्वास घे, बाळ. धर... सोड."

बाईचा आवाज. थकलेला, घाटावरचा. ऊर्मिला उलट सुखावलीच. केली असेल कुणा मराठी पोरीनं सोय. परमुलखात आपली भाषा कानावर पडली की माणूस शंका घेत नाही.

बारा वेळा घे, धर, सोड. मशीनची धडधड थांबली.

"घे, बाळ. धर."

दहा आकडे. वीस. तीस.

सोड येईना.

तिनं फुगा दाबला. पुन्हा दाबला. कुणी आलं नाही. हात पट्ट्याखाली. तोंड उघडलं. हवा आत येईना, बाहेर जाईना.

"धर, ऊर्जा. सोडू नकोस..."

"उंड दान?" अन्वीनं विचारलं. मग काय झालं?

काका म्हणाले, आधी ते नाव ऐका.

ऊर्जा. हे नाव ऊर्मिलानं आईच्या तोंडून ऐकलं होतं. पुण्याच्या वॉर्डात शेजारच्या पाळण्यातली मुलगी. तसंच भोक. ऑपरेशनच्या आदल्या रात्री गेली. तिची आई तिला उराशी घेऊन उजाडेपर्यंत एवढंच म्हणत होती. धर... सोडू नकोस...

ऊर्मिलाचे नुसते ओठ हलले.

मावशी, मी ऊर्जा नाही. तिला सोडा आता.

...

मग अगदी कानाशी. "सोड."

हवा आत आली.

"बारा चित्रं, गेनाऊ, अगदी बरोबर," केलरबाई पट्टा सोडवताना म्हणाल्या. "फुगा? नाही हो, अलार्म वाजलाच नाही."

आठवड्यानं डॉक्टर म्हणाले, कप्पा फारसा ताणलेला नाही, छाती उघडायला नको. हृषिकेशनं त्या रात्री आनंदानं एमआरआयची सीडी लावली. बारा चित्रं, बायकोचं हृदय छान धडधडतंय.

आणि तेरावं.

लिंबाएवढं हृदय. भोक न शिवलेलं.

हलत नाही.