एकेचाळिसावी ओळ

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मला दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर मीही हसले असते. पण त्यातली आठ पानं आत्ता माझ्या टेबलाच्या खणात आहेत. खणाला कुलूप आहे.

उन्हाळ्यातला गुरुवार होता. दुपारचे अडीच. जागा म्हणजे मी काम करते ते छपाईचं दुकान. दोन संगणक, एक मोठा प्रिंटर, आणि दाराशी पाठकोऱ्या कागदांचा खोका.

ताईला जाऊन तीन आठवडे झाले होते.

तीन दिवसांचा ताप आला काय, आणि हसतीखेळती ताई गेली काय. घरात उरलो आई आणि मी.

आईच्या माहेरची भाषा वेगळी, लिपीही वेगळी. गोल गोल, वेलीला कळ्या लागाव्यात तशी अक्षरं. ताई हट्टानं ती शिकली. मी नाही शिकले. "ठमे, एक दिवस पस्तावशील," ताई म्हणायची.

जायच्या आधी ताईनं आईची पाळण्याची गाणी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये टाईप केली होती. बरोब्बर चाळीस ओळी. त्यातल्या पहिल्या दोन ओळींचा अर्थ तेवढा तिनं मला सांगितला होता...

पाण्या, हळू वाहा. पाना, हलू नको,
निजली माझी बाळी, तिला बोलवू नको.

ताई गेल्यावर आईनं जेवण सोडल्यासारखंच केलं. दोन घास घ्यायची आणि भिंतीकडे तोंड करायची. डॉक्टर म्हणाले, "त्यांना जगायला काहीतरी निमित्त द्या." मला गाणी आठवली. स्क्रीनकडे पाहिलं की आईच्या डोळ्यांना धार लागायची, म्हणून कागदावर छापायचं ठरवलं.

स्क्रीनवर अक्षरं मोत्यासारखी दिसत होती.

कागदावर आले नुसते रिकामे चौकोन.

चाळीस ओळी चौकोन. माझ्या धंद्यात ही रोजची गोष्ट. प्रिंटरकडे त्या लिपीचा फॉन्ट पोचला नाही की तो अक्षराच्या जागी रिकामं घर काढतो. मालक डोकावून म्हणाले, "अगं, खिडक्या छापतेस की काय? टाक पाठकोऱ्यात."

आमच्याकडे वाया गेलेलं पान फेकत नाहीत. मागची बाजू कोरी असते, यादीला कामी येतं. मी ते पान घरी नेलं आणि आईच्या औषधांच्या ताटलीखाली घातलं.

तिथेच चुकलं माझं.

संध्याकाळी पाहते, तर आई उठून बसली होती. पान मांडीवर. बोट चौकोनांवरून सरकत होतं. ओठ हलत होते...

ती वाचत होती.

"आई, अगं, ते बिघडलेलं पान आहे."

"बिघडलेलं कसं? ताईचंच आहे." बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. "म्हणते, कपाटाची किल्ली तांदळाच्या डब्यात आहे. ठमी शोधून शोधून दमली असेल."

ती किल्ली मी तीन आठवडे शोधत होते.

डब्यात हात घातला... बोटांना लोखंड लागलं.

मग मी पान हातात घेतलं आणि ओळी मोजल्या. दोनदा मोजल्या.

एकेचाळीस.

त्या रात्री आई पोटभर जेवली. मी भिऊन गेले होते, आणि खरं सांगू? आनंदानं रडलेही.

मग रोजचंच झालं ते. दुपारी दुकान रिकामं असताना मी छपाईची आज्ञा द्यायची. फाईलमध्ये चाळीस ओळी, कागदावर एकेचाळीस. आई आधी पान बघणार, मग घास घेणार. ताईचं बोलणं अगदी ताईसारखंच. दारामागचा टॉवेल धू म्हणे. ठमीला सांग, ती मान वाकडी करून बसते.

सहाव्या दिवशी आई वाचता वाचता थांबली.

"काय गं?"

"म्हणते, इथली फरशी फार गार आहे."

मी हातातलं ताट खाली ठेवलं. आई मात्र शांत होती. "लोकरीचे मोजे आण. तीन जोड."

"तीन कशाला? आपण दोघीच तर आहोत."

तरी मी तीन जोड आणले आणि कपाटात ठेवले.

दुसऱ्या दिवशी मी प्रिंटरवाल्याला बोलावलं. त्यानं फॉन्ट बसवला. "हे घ्या मॅडम, आता कुठलीही लिपी छापा!" पान आलं. वेलीला कळ्या लागाव्यात तशी अक्षरं. चाळीस ओळी, एकही जास्त नाही. हुश्श झालं मला.

आईनं ते पान उलटसुलट करून पाहिलं.

"हे तर कोरं आहे."

"आई, नीट बघ. गाणी आहेत तुझी..."

"कोरा कागद काय दाखवतेस मला?"

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी पाण्याचा पेलाही तिनं बाजूला सारला. मग मीच नुसते चौकोन टाईप करून छापून नेले, तर हात झटकून म्हणाली, "हे तिचं नव्हे."

काय करणार होते मी? चौथ्या दिवशी दुकानात गेले आणि माझ्याच हातानं तो फॉन्ट काढून टाकला.

प्रिंटर नेहमीपेक्षा जास्त वेळ घरघरला.

पान आलं. वरचा सगळा भाग कोरा. अगदी तळाशी एकच ओळ...

आईनं ती वाचली. मग पान घडी करून उशीखाली ठेवलं.

"काय म्हणाली ताई?"

आईनं माझ्या गालावरून हात फिरवला. "तुला नाही लिहिलेलं ते. जेवायला वाढ बरं."

दुसऱ्या दुपारी मी दुकानातून आले, तेव्हा खोली भट्टीसारखी तापली होती. आई भिंतीकडे तोंड करून निजली होती. पायांत मोजे.

मी पायांना हात लावला. मोज्यांच्या आतही बर्फ.

कपाटात मोज्यांचा एकच जोड उरला होता. तिसरा आजवर सापडला नाही. उशीखालचं पान उघडलं, तर त्यावर पाळण्याची गाणी होती. अक्षरन् अक्षर स्वच्छ छापलेलं.

आणि ती वाचणारं आता जगात माझ्या ओळखीचं कुणीच नव्हतं.

मी फाईल पुसून टाकली. त्याला आता चार महिने झाले.

काल दुपारी एका गिऱ्हाइकाचा अर्ज छापत होते. दोन पानांचा अर्ज. प्रिंटरमधून तीन पानं आली.

तिसरं जवळजवळ कोरं. तळाशी एकच ओळ चौकोन.

"टाक पाठकोऱ्यात," मालक म्हणाले.

मी ते टाकलं नाही. ती लिपी मला येत नाही, हे तुम्हाला सांगितलंच आहे. ताई म्हणून म्हणून थकली, पण मी शिकले नाही.

पण त्या ओळीतले पहिले तीन चौकोन... मला वाचता आले. हाक मलाच होती.

पान खणात टाकून कुलूप लावलं. घरी आले. पंखा बंद, खिडक्या बंद, बाहेर ऑक्टोबरचं ऊन मी म्हणतंय. आणि जमिनीवर पाय ठेववत नाही, इतकी फरशी गार.

मोज्यांचा तो जोड अजून कपाटातच आहे. मी त्याला हात लावलेला नाही.

उद्या दुपारी मला पुन्हा दुकानात जायचंय.