शेषरावाची सही

देऊळघाटच्या उकंडराव देशमुखाला एकच व्यसन होतं, तेही दुसऱ्याच्या व्यसनांचं. खामगावच्या कापूसबाजारामागं शेषरावाचं नाचघर होतं. तिथं गाणं, दारू, पत्ते, सगळं चाले. पोलीस धाड घालायला यायचे अन् बसून गाणंही ऐकायचे. शेषराव मेला, नाचघराला कुलूप लागलं, तसा उकंडराव त्याच्या वारसांकडून कागद गोळा करू लागला. सहीचे पास, गुलाबी जाहिराती, नागपूरच्या शिक्क्याचा दारूचा परवाना, काही सोडलं नाही.

"देव्हाऱ्यात ठेवा त्याले, तेवढंच राह्यलं," शालूबाई म्हणायची. नवरा हसायचा. त्याला शेषराव आवडायचा, त्याला काय करता!

दसऱ्याला नवा कागद आला. मोताळ्याची नूरबी त्या नाचघरात नाचायची, तिचा करारनामा. लिहिता न येणाऱ्या बायकांच्या रिवाजानं तिनं बांगडीची निशाणी केलेली, अन् शेजारी शेषरावाची डौलदार सही. अशी अख्खी सही दुसरीकडं नव्हतीच. उकंडरावानं कागद माजघरातल्या पेटीत ठेवला.

तेव्हापासून दिवेलागणीला दारातलं कुत्रं मोताळ्याच्या वाटेकडं बघत उभं राही. भुंकत नसे. नुसतं बाजूला सरे.

एका दुपारी दारात छकडा थांबला. पांढऱ्या केसांची नूरबी उतरली, सोबत तिचा लेक रज्जाक.

"देशमुखजी, माहा कागद तुमच्यापाशी आहे ना?"

"हाव. पन तुमाले कोनं सांगतलं?"

"पायानं."

रज्जाकनं मान खाली घातली. "संध्याकाळ झाली का अम्माचे पाय चालाले लागतात जी. अम्मा नको म्हनते, तरी चालतात. आधी खामगावकडं जात, दसऱ्यापासून इकडं वळले. माही बायको शकीला खाटेले बांधून ठेवते."

"ज्याच्यापाशी कागद, त्याच्यापाशी पाय," नूरबी म्हणाली. "शेषराव वाईट नव्हता. फाडतो, फाडतो म्हनता म्हनता मरून गेला. तुमी फाडा. मले माह्या घरात राहू द्या."

करार संपला की धन्यानं आपल्या हातानं सहीवरून कागद फाडायचा अन् समोरच्याच्या हातात द्यायचा, ही इकडची जुनी रीत. उकंडरावाचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. पण म्हातारीच्या घोट्यांवर दोराचे वळ होते, ते पाहून त्याचं काळीज हललं. तो आत गेला.

अन् आत गेल्यावर सही दिसली! ती फाडायला जीव होईना. त्यानं कात्रीनं तेवढी सही हळूच कापून पेटीत ठेवली, उरलेला कागद बाहेर येऊन टराटरा फाडला. नूरबीला डोळ्यांनी कमी दिसायचं. तिनं तुकडे कपाळाला लावले, त्याला तोंडभर दुवा दिली.

आठवडी बाजाराच्या दिवशी रज्जाक एकटाच आला.

"अम्मा आता कुठंच जात नाही. पन उठूनही नाही राह्यली. पायाले चिमटा घेतला तरी कळत नाही. म्हनते, पाय घरी नाहीत."

रज्जाक गेला तरी उकंडराव पेटीशी बसून राहिला. लाजेनं त्याला भाकर गोड लागली नाही.

त्या दिवशी माजघर उशिरा सारवलं होतं. दिवेलागण झाली तरी ओलंच होतं. कुत्रं उठलं, बाजूला सरलं.

ओल्या सारवणात एक अनवाणी पाऊल उमटलं.

मग दुसरं.

बाई नव्हती. पावलं पेटीपर्यंत आली अन् थांबली.

"काय ठेवलं तुमी तिचं?" शालूबाईनं विचारलं. आवाज अगदी बारीक.

उकंडरावानं सही काढली. मधोमध फाडली. तुकडे पावलांपुढं ठेवले.

"जाय माय, जाय आपल्या घरी."

पावलं वळली.

सकाळी तो मोताळ्याला गेला. दारात शकीला हसऱ्या तोंडानं उभी. "पहाटे अम्मा म्हनली, दार उघड, पाय आले. उघडलं त कोनीच नाही. पन अम्मा उठून बसली जी!"

नूरबी अंगणात दगडावर बसून पाय घासत होती. त्याला बघून तिनं पदर सावरला.

"या देशमुखजी. पाहा ना, तळव्याले हे कोनाच्या घरचं सारवण लागलं कोन जाने. आमच्या घरात त सगळी फरशी आहे."