बाबूचं वजन

लस टेबलावरच द्यायची, ही आमच्याकडची पद्धत. म्हणजे पेनानं. मी एकटीच करत होते असं कुणी समजू नये; आजूबाजूच्या नर्सबायाही काही साधूसंत नव्हत्या. लसीच्या डब्यातल्या बर्फाचं वाशीच्या सरकारी दवाखान्यातून येईपर्यंत पाणी व्हायचं, वस्त्या चार-चार मैलांवर, आणि महिनाअखेरीला दवाखान्याचे डॉक्टरसाहेब विचारणार फक्त आकडा. मग लांबच्या पोरांपुढं 'गोवर : दिली' असं लिहायचं आणि पुढच्या फेरीला खरोखर टोचून यायचं. बहुतेक वेळा टोचायचोही.

ही सत्त्याऐंशीची गोष्ट. दुष्काळाचं तिसरं वर्ष. गावाचं नाव सांगत नाही. मी इरम्मा, उमरग्याकडची, उपकेंद्रात एकटी नर्स. त्या साली कुठल्याशा प्रकल्पातून जिल्ह्याला संगणक आला आणि आमचं उपकेंद्र त्यात घेतलं. प्रत्येक पोराचा फॉर्म भरून उस्मानाबादला पाठवायचा. महिन्यानं दोन्ही कडांना भोकं असलेल्या लांबलचक कागदावर छापील यादी परत यायची: नाव, आईचं नाव, लस, वजन. साहेब खूश होते. म्हणाले, "सिस्टर, आता खाडाखोड बंद."

नदीपलीकडच्या वस्तीवर पुतळाबाईचा बाबू होता, दहा महिन्यांचा. त्याच्यापुढं मी 'दिली' लिहिलं. पुढची फेरी व्हायच्या आत वस्तीवर गोवर आला. सहाव्या दिवशी बाबू गेला.

महिन्यानं अंगणवाडीत यादी वाचताना त्याचं नाव घेतलं गेलं. त्याच दुपारी पुतळाबाई माझ्या दारात उभी.

"बाई, माझ्या लेकराला सुई टोचली न्हवती. तसं लिवा."

"अगं, लिहून काय ते परत येणार आहे का?"

"न्हाय येनार. पर तुमच्या कागदात ते अजून हाय. त्याला तिथनं काढा, आन कशानं गेलं ते लिवा. मला दुसरं काय बी नगं."

मी नाव कमी करायचा फॉर्म भरला. मृत्यूचं कारण : गोवर. साहेबांनी तो माझ्यापुढंच फाडला.

"लस दिलेलं पोर गोवरानं मेलं? चौकशी लागेल, कळतंय का? नोकरी जाईल तुमची. नाव राहू द्या."

मी राहू दिलं. घरात दोन पोरी शिकत होत्या, नवरा नव्हता. लाज वाटली, लई वाटली, पण लाज गिळता येते हे मला त्या दिवशी कळलं.

आता जिवंत नाव म्हटल्यावर वजन लिहावं लागणारच. पहिल्या महिन्यात मी मनानं सात किलो लिहिलं. दुसऱ्या महिन्यात हात चालेना, म्हणून रकाना कोरा सोडला. यादी आली. बाबूपुढं छापलं होतं : सात किलो सहाशे.

मी एसटी धरून उस्मानाबादला गेले. संगणकाची खोली एका सोसायटीच्या इमारतीत वरच्या मजल्यावर होती. खाली टँकरसाठी घागरींची रांग, आणि वर त्या यंत्रासाठी थंड हवा. अंगावर काटा आला, तो गारव्यानंच असं मी धरून चालले. यंत्रावर बसणारे जैनोद्दीन भले गृहस्थ. त्यांनी माझा फॉर्म काढून दाखवला. रकाना कोराच होता.

"मशीन मनानं काही घालत नाही, बाई. तुम्ही द्याल तेच छापतं."

मग त्यांनी यादी बघितली. चष्मा पुसला आणि पुन्हा बघितली.

"थांबा, तुमच्यासमोरच शून्य घालतो," ते म्हणाले. त्यांनी घातलं. मी पडद्यावर शून्य बघून आले.

पुढच्या यादीत आठ किलो दोनशे.

खोटं नाही सांगत, त्या कागदावर सगळ्या गावाची पोरं उतरत चालली होती. कुणाचं पाव किलो कमी, कुणाचं अर्धा. वाढत होता तो एकटा बाबू.

भादवा आला तरी पाऊस नव्हता. वजनाचा दिवस होता, उन्हाची वेळ. व्हरांड्यात बाया पोरं घेऊन रांगेत बसलेल्या. पुतळाबाई आली. एका बाजूनं वाकलेली, डावी कड पुढं काढलेली, हात पोराच्या बुडाखाली धरावा तसा धरलेला. बायांनी न सांगता वाट दिली. एकीनं आपल्या पोराचं तोंड पदरानं झाकलं.

"बाई, आता घेववत न्हाय. लई जड झालाय."

"येडी झालीस काय गं?" मी ओरडले. राग आला होता, आणि भ्यालेही होते.

"वजन करा."

काट्याला कापडाची झोळी लावलेली होती. तिनं दोन्ही हात झोळीत खाली नेले, आई नेते तसे, मानेखाली पंजा देऊन. हात काढून घेतले.

काटा हलला.

आठ किलो नऊशे.

यादी सकाळीच आली होती. टेबलावर होती. मला ती बघायची गरज नव्हती.

"आता लिवा," पुतळाबाई म्हणाली. "टोचली न्हवती म्हनून लिवा. मग जाईल त्यो."

पेन माझ्या हातात होतं. कोरा फॉर्मही समोर होता. एक ओळ लिहायची होती. मला साहेब दिसले, माझ्या पोरी दिसल्या.

"पुढच्या महिन्यात बघू," मी म्हणाले.

ती रागावली नाही. मग तिनं पदर नीट केला आणि पाठ सरळ केली.

"मग ठेवा तुमच्याकडंच."

गेली. ताठ चालत, दोन्ही हात मोकळे सोडून.

काटा तसाच उभा होता. मी बायांना घरी पाठवलं.

झोळी हुकावरून काढली. काटा शून्यावर आला.

झोळीत काही नव्हतं. मी दोनदा बघितलं.

माझी खोली तिथनं दहा मिनिटांवर. पोहोचेपर्यंत मला त्याला दोनदा या कडेवरून त्या कडेवर घ्यावं लागलं.