साळुबाईची नळी

२००२च्या जानेवारीत बेल्ह्याजवळच्या एका वस्तीत मी चुलीच्या धुराचं संशोधन करत होते. बारा स्वयंपाकघरांत बॅटरीवरचे पंप लावले होते. पंप हवा ओढायचा, धूर पांढऱ्या गोल कागदावर बसायचा, आणि दुसऱ्या दिवशी मी तो कागद वजन करून बघायची. शिवाय प्रत्येक बाईला एक नळी दिली होती. तिच्यात जोरात फुंकलं की श्वासाचा जोर काट्यावर दिसायचा. माझा स्वतःचा आकडा चारशे.

साळुबाईचा एकशे चाळीस.

"सारा जलम चूल फुकली, आता ही बी फुकते," ती हसली आणि खोकत बसली. "ताई, किती दम उरलाय माझा?"

"पुष्कळ," मी म्हणाले.

खरं तर तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला हवं होतं. पण औषध सुरू झालं की माझे आकडे बदलले असते. पंधरा दिवसांनी नेऊ, असं मी ठरवलं. अकराव्या दिवशी ती गेली.

मला तुलनेसाठी बिनधुराचं एक घर हवंच होतं. तिचा मुलगा खंडू आता भावाकडे जेवायचा, चूल थंड पडली होती. सुंठीवाचून खोकला गेला, असं तेव्हा मनात आलं. त्याची आजही लाज वाटते.

तेरावं झाल्यावर मी तिथं पंप लावला. दुसऱ्या दिवशी कागद काळाकुट्ट! बाराही घरांत एवढा काळा कागद कुठं निघाला नव्हता.

"चूल पेटवलीस?" मी खंडूला विचारलं.

"आईची आण, नाय."

मला ते पटलं नाही. मी जमिनीवर पीठ पसरलं. आत जाईल त्याची पावलं उमटतील, एवढाच हिशेब. खंडू दाराशी उभा राहून बघत होता.

"जाणाऱ्याची पावलं बगाया पीठ आमी दहाव्यालाच पसरलं व्हतं, ताई. कसली बी पावलं उठली नाय. ती गेलीच नाय."

मी कुलूप लावून किल्ली स्वतःजवळ ठेवली.

सकाळी पिठावर एकही पाऊल नव्हतं. फक्त चुलीच्या तोंडाशी तळहाताएवढी जागा साफ होती, कुणी फुंकर मारल्यासारखी. राख थंड. कागद काळा. फळीवर साळुबाईची नळी होती. काटा मी स्वतः शून्यावर आणला होता.

तो एकशे चाळीसवर होता.

मी पुन्हा शून्यावर आणला.

दुसऱ्या दिवशी एकशे ऐंशी. त्या सकाळी वस्तीचा चढ चढताना मला दोनदा थांबावं लागलं. माझ्या नळीत फुंकून पाहिलं. तीनशे साठ.

तिसऱ्या दिवशी तिचा दोनशे वीस. माझा तीनशे वीस.

मी बेरीज केली. पहिल्या दिवशीचे माझे चारशे धरले तर तिन्ही दिवस एकच: पाचशे चाळीस.

मग मात्र मी घाबरले. पंप उचलला आणि पुण्याला पळाले. नळीला हात लावायचा धीर झाला नाही.

महिन्याभरानं ऑफिसात खंडूचा फोन आला. आळेफाट्यावरच्या बूथवरून बोलत होता. आवाज आनंदी होता.

"ताई, तुमची नळी हितंच ऱ्हायली. आन् आईचा खोकला पार थांबला बगा. आता लई मोकळा दम घेते."

काटा कितीवर आहे, हे मला विचारायचं होतं. पण एवढं लांब वाक्य एका दमात पुरं होईना.