पिवळ्या मुळीचे शनिवार

शिलाँगच्या बाजारात त्या दिवशी पिवळ्या मुळीची एकच जुडी उरली होती, आणि तिची दोन टोकं दोघांच्या हातात होती.

“अहो बाह, आधी मी धरली!” दारिहुन म्हणाली.

“धरलीत खरी, काँग... पण मी तरी कुठे सोडतोय?” खासी बोलीत बाह म्हणजे दादा, काँग म्हणजे ताई.

तो लामफ्रांग, सोहराजवळच्या खेड्यातला झाडपाल्याचा वैद्य. आणि ती प्रयोगशाळेतली संशोधक. स्तनाचा कर्करोग अंगभर पसरतो, ते पसरणं या मुळीतलं एखादं द्रव्य रोखतं का, हे ती काचेच्या बशीतल्या पेशींवर तपासत होती. तिची आई त्या पसरण्यानंच गेली. तेव्हापासून दारिहुननं कंबर कसली होती.

जुडी अर्धी-अर्धी झाली. मग दर शनिवारी तो मुळ्या घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभा राहू लागला. अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंच नाही.

“थांबल्या का तुझ्या पेशी?”

“थांबल्या. पण बशीत. माणसात थांबतील की नाही, कुणाला ठाऊक!”

“माझ्या मामाच्या मामापासून देतोय आम्ही ही मुळी.”

“त्यातल्या किती बायका वाचल्या? मोजल्यास कधी?”

त्याचा चेहरा उतरला. पुढचे दोन शनिवार दार रिकामंच... तिनं काम सोडलं नाही. पण नजर सारखी दाराकडे जाई.

तिसऱ्या शनिवारी तो भर पावसात आला. सोबत चिंब भिजलेली एक बाई.

“माझी मावसबहीण. छातीत गाठ आहे. मुळी मागत होती... मी दिली नाही. म्हटलं, आधी इस्पितळ. तुझा प्रश्न झोपू देईना, दारी.”

दारिहुननं त्या बाईचा हात धरला, तो थेट इस्पितळातच सोडला. तपासण्या झाल्या. गाठ कर्करोगाचीच होती. पण पसरली नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “वेळेवर आणलीत.”

बाहेर बाकावर दोघं बसली. बिनदुधाचा लाल चहा निवत चालला होता.

“आता मुळ्या आणणं बंद?” तिनं विचारलं.

“छे! तुझ्या बशीसाठी आणणारच. दहा वर्षं लागली तरी.”

“दहा वर्षं... फक्त शनिवारी?”

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“लाम, मी धाकटी लेक. आपल्या खासी रीतीनं आईचं घर आता माझं, नवरा तिथं येतो. तिथं एक माणूस कमी आहे... नांदायला येतोस?”

“आपली कुळं वेगळी आहेत ना गं?”

“ती चौकशी मी केव्हाच करून ठेवलीय.”

“मग येतो,” तो हसत म्हणाला, “पण मुळ्या सुकवायला जागा लागेल—”

“अख्खं अंगण आहे,” ती म्हणाली, आणि त्याचा हात घट्ट धरला.